पाच इसा सतरा

आकाराम मेटकरीला कुणी विचारलं, "मेंढरं किती?" की तो आधी आभाळाकडं बघायचा, मग विचारणाऱ्याच्या पायाकडं, आणि पायातलं बघून आकडा ठरवायचा. बूट असले तर तीन इसा. चप्पल असली तर चार. अनवाणी माणसाला तो उलटं विचारायचा, "तुला रं कशाला पायजे?" इसा म्हणजे वीस. आकारामची सगळी मोजणी विसाविसांनी चालायची, आणि त्यातलं खरं काही तोंडाबाहेर यायचं नाही.

त्याच्या लेखी हा खोटेपणा नव्हता. जितराबाचा खरा आकडा उच्चारला की जितराब सरतं, असं त्याला बापानं सांगितलं होतं. बापानं एकदा टोपीवाल्या साहेबाला खरा आकडा सांगितला आणि त्याच पावसाळ्यात निम्मा कळप बसला तो उठलाच नाही. त्या साली पाऊसच असा लागला होता की न सांगणाऱ्यांचीही निम्मी गेली होती. पण एवढं बारीक बघायची घरात रीत नव्हती. आकाराम स्वतःशीसुद्धा मोजायचा नाही. संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी काठी टेकून उभा राहायचा, चेहऱ्यांवरनं नजर फिरवायचा, आणि "ती डाव्या कानाची काळी कुटं हाय रं?" असं म्हणायचा. काळी मागं बाभळीत अडकलेली असायचीच.

अशा घरात मोजणारी सून आली.

उत्कर्षाचा नवरा तानाजी फौजेत ड्रायव्हर होता, राजस्थानात. इकडं वडूजला एका संस्थेनं बायकांसाठी जनावरांच्या औषधपाण्याचं प्रशिक्षण काढलं, तेव्हा कुरणवाडीतनं ही एकटीच गेली. शिकवायला सांगलीच्या डॉक्टर क्रांती मॅडम. त्यांचं शिकवणं वहीत कमी आणि हातात जास्त. पहिला आठवडा बायकांनी संत्र्याला सुया टोचल्या. मग शेळीच्या मानेची कातडी चिमटीत धरून. मग खुरं तासणं, ताप बघणं, अडलेली शेळी सोडवणं. आणि जनावर धरावं कसं, हे तर रोजच. कान ओढायचा नाही, पाय पिरगळायचा नाही, गुडघ्याशी टेकवून घ्यायचं.

"आता मेंढराला आवंजावं म्हनायचं का?" आकारामनं विचारलं होतं.

"म्हना की," त्याची बायको भामाबाई चुलीपुढनं बोलली. "चाळीस वर्सांत मला न्हाई म्हनलासा, त्यास्नी तरी म्हना."

शेवटची परीक्षा ज्या त्या बाईच्या गावातच होती. घरोघर जाऊन शेळ्यामेंढ्यांची यादी करायची, तेवढी लस मागवायची आणि मॅडमसमोर टोचायची. जमलं तर निळी औषधपेटी कायमची, आणि गावाची जनावरं तिच्या हवाली. उत्कर्षा वही घेऊन बारा घरं फिरली आणि सगळ्यात शेवटी आपल्या घरी आली. सासऱ्यापुढं उभी राहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामंजी, आपली किती लिवू?"

आकारामनं सवयीनं तिच्या पायाकडं बघितलं. पायात चप्पल होती.

"चार इसा लिव."

रोज वाडा झाडणाऱ्या बाईला ऐंशी मेंढरांच्या लेंड्या किती आणि त्याहून जास्तीच्या किती, हे कळतंच. पण सासऱ्याला खोटं पाडायचं प्रशिक्षण वडूजला दिलं नव्हतं. तिनं लिहिलं, ऐंशी. गावाची बेरीज आली एकशे नव्वद. शंभर डोसांची एक कुपी, अशा दोन कुप्या बर्फाच्या डब्यातनं आल्या. वर दहा डोस सांडलवंडीला.

लस होती बुळकांडी या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची. औषध एकदा कालवलं की तासाभरात संपवायचं, म्हणून मारुतीच्या देवळापुढं सकाळीच रांग लागली. मेंढरांना रानात जायची घाई, म्हणून आकारामचा कळप पहिला. उत्कर्षा टोचायची आणि भामाबाई टोचलेल्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायची. सुनेचा हात असा चालला होता की आकारामला मनातनं बरं वाटत होतं, तोंडानं तो "सांभाळून, सांभाळून" करत होता.

मग हात थांबला.

"मामंजी," ती हळू बोलली, "ऐंशी झाली."

तिच्या मागं अजून सदतीस उभी होती. क्रांती मॅडम पलीकडं एका गाभण शेळीत गुंतल्या होत्या. आकारामला त्या घडीला सरळ दोन वाटा होत्या. एक, उरलेली मेंढरं हाकून न्यायची. दुसरी, मॅडमला हाक मारून आकडा सांगायचा. त्यानं तिसरी धरली. डाव्या कानाची काळी पुढं ढकलली आणि म्हणाला, "टोच की. घरचीच हायती."

तिनं टोचली. पहिली कुपी संपली, दुसरी फोडली, त्यातलेही सतरा डोस घरच्यांनाच गेले.

शेवटी व्हायचं तेच झालं. दुपारी बाराला लस संपली तेव्हा रांगेत तीन घरांची जनावरं उरली होती. दोघांची मेंढरं, आणि झुबेदा शिकलगारच्या सात शेळ्या. झुबेदा सकाळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, म्हणून तिचा नंबर मागं लागला होता.

मॅडमनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कमी कशी पडली गं?"

उत्कर्षानं सासऱ्याकडं बघितलं नाही. "मोजताना चुकलं माझं," म्हणाली.

नवीन कुप्या यायला दीड महिना लागणार होता. झुबेदा हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी, माझ्या शेळ्या काय पळून चालल्यात व्हय?" आणि सातही शेळ्या घेऊन घरी गेली.

अठराव्या दिवशी सांगलीकडनं शेळ्या भरून आलेला एक ट्रक गावाच्या तळ्यावर पाण्याला थांबला आणि तासाभरानं पुढं गेला. त्याच तळ्यावर झुबेदाच्या शेळ्या पाणी प्यायच्या. आठवडा भरायच्या आत पहिलीच्या नाकातनं पू यायला लागला.

उत्कर्षानं आठ दिवस शिकलगाराच्या दारात काढले. लाल औषधाच्या पाण्यानं शेळ्यांची तोंडं धुवायची, साखरमिठाचं पाणी चमच्यानं पाजायची, ताप लिहून मॅडमना फोनवर कळवायची. सातातल्या दोन उठल्या. पाच गेल्या. त्यात चांदणी गेली, जिच्या दुधावर तानाजीची लेक वर्षभर वाढली होती. लस राहिलेल्या दुसऱ्या दोन घरांची मेंढरं तापली, खोकली आणि सावरली. मेंढरू या रोगाला शेळीपेक्षा दमानं तोंड देतं. आणि आकारामच्या कळपातलं एक शिंकलंसुद्धा नाही.

गावाला एवढं पुरेसं होतं. चहाच्या टपरीवर शेळ्यावाला नानासो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "सासऱ्याच्या मेंढरास्नी औशिद, आन् शिकलगाराच्या शेळ्यास्नी तारीख! आवं, आपलं ते आपलं, दुसरी जात ती दुसरी. मला तर शिकलेल्या सुनांची भ्याच वाटतंय." आकाराम तिथंच बशीतला चहा फुंकत होता. चहा कधीचा गार झाला होता. तो फुंकत राहिला.

त्याची पंचाईत वेगळीच होती. आकडा त्यानं जन्मभर पोटात ठेवला होता, आणि आता तो त्याच्या मेंढरांच्या पाठीवर बाहेर आला होता. सकाळी रानात जाताना आणि संध्याकाळी येताना कळप झुबेदाच्या दारावरनंच जायचा, कारण दुसरी वाट नव्हती. एका मागोमाग एक तांबडे पट्टे. दारात सात खुंट्या, दोहोंना शेळ्या, पाच रिकाम्या. झुबेदा उंबऱ्यावर बसलेली असायची आणि बघायची. ती पट्टे मोजत असेल असं आकारामला वाटायचं. ती बहुतेक मोजत नव्हती. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "भावजी, पोरीला म्हनावं जेवून घे. माझ्या दारात बसून बसून वाळली."

त्या दिवशी आकारामनं ठरवलं, मेंढरं कातरायची. लोकर गेली की गेरू गेला.

"आत्ता?" भामाबाईनं कपाळावर हात मारला. "पौषाची थंडी, शिमगा कुटं, आन् तुमी कातरायला निगाला? गारठून मरतील की. एवढी लस टोचून वाचिवली ती थंडीनं मारायला व्हय?"

"तुला काय कळतंय," आकाराम म्हणाला, आणि दोन्ही कातऱ्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून निघाला.

आता गावात कातरीला धार लावणारा एकच, झुबेदाचा नवरा चांदसाहेब. जो गुन्हा झाकायचा, त्याच घरात हत्याराला धार लावायला जाणारा माणूस शहाणा म्हणावा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. दोघं बरोबरीचे. आकारामच्या कातऱ्यांना तीस वर्षं चांदसाहेबाचीच धार, आणि चांदसाहेबाच्या अंगावरची घोंगडी आकारामच्या लोकरीची.

चांदसाहेबानं कातरी उलटून बघितली. "शिमग्याला अजून दोन म्हयनं हायती."

"व्हय. पर म्हनलं…"

"म्हनलं काय?"

"गोचिडं लय झाल्यात."

"थंडीत गोचिडं?" चांदसाहेबानं अंगठ्यानं पातं चाचपलं. धारेचं चाक फिरायला लागलं. ठिणग्या उडत होत्या आणि दोघंही त्यांच्याकडं असे बघत होते जणू ठिणग्या नव्यानंच निघाल्यात. धार लावून झाल्यावर चांदसाहेबानं कातरी स्वतःच्या मनगटाच्या केसांवर फिरवून बघितली, फडक्यानं पुसली, मुठीकडनं पुढं केली.

"घे गड्या. अशी धार परत व्हायची न्हाई. तांबडं म्हन, पांढरं म्हन, समदं मुळापासनं निगंल." मग जरा थांबून म्हणाला, "तुजी गोचिडं तेवढी बघ. ती कातरीनं जात न्हाईत."

आकाराम घरी आला. त्यानं डाव्या कानाची काळी पुढ्यात ओढली, गुडघ्याशी टेकवली, आणि कातरी तिच्या पाठीवरच्या पट्ट्याशी नेली. मेंढी गप उभी होती. पहिल्यासारखा कान ओढला नव्हता म्हणून असेल. त्यानं कातरी खाली ठेवली. तिला सोडून दिली. भामाबाई दारातनं बघत होती. तिनं जन्मात पहिल्यांदा टोमणा गिळला.

दोन दिवसांनी क्रांती मॅडम आल्या. गावातनं तक्रार गेली होती, नानासोच्याच फोनवरनं. मॅडमनी बैठक मुद्दाम शिकलगाराच्या दारात घेतली. माणसं खुंट्यांच्या भोवती उकिडवी बसली. उत्कर्षा निळी पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

मॅडमनी यादी उघडली. "यादी एकशे नव्वदची. लस दोनशेंची. तरी जनावरं राहिली. उत्कर्षा, हे कसं झालं? मला कारण लिहावं लागेल."

"मोजायला चुकले."

"कुणाची मोजायला चुकलीस?"

उत्कर्षानं पेटीची कडी चाचपली.

"हे बघ, तुझा हात बाराजणींत चांगला आहे. पण जिच्यावर गावाचा भरवसा नाही, तिला पेटी देऊन मी काय करू? सांग, कुणाची?"

"माझीच चूक, मॅडम." उत्कर्षानं पेटी मांडीवरनं उचलली आणि दोन्ही हातांनी पुढं ठेवली, एखादं मूल खाली ठेवावं तशी. भामाबाईनं तोंडाला पदर लावला.

झुबेदा म्हणाली, "आवं मॅडम, पोरीला कशाला? मीच उशिरा आले. खुरपनी सोडली असती तर माझा नंबर लागला असता. माझ्याच कर्माचं हाय."

हे मात्र आकारामला सोसलं नाही. नानासो बोलला तेव्हा तो गप बसला, सून बोलली तेव्हाही गप बसला. पण जिचं गेलं तीच बाई आपल्या पदरात चूक ओढून घेते म्हटल्यावर त्याच्या पायाला चटका बसल्यासारखं झालं. तो उठला. तरातरा निघून गेला.

"गेला," नानासो म्हणाला. "लागलं वाटतं म्हाताऱ्याला."

मॅडमचा चहा अर्धा झाला नव्हता तोच घंटांचा आवाज आला. रानात सोडायचा कळप आकारामनं वळवून आणला होता. गल्लीच्या तोंडाशी त्यानं दोन काठ्या आडव्या धरायला लावल्या, एक भामाबाईच्या हातात, एक नानासोच्या. मध्ये एका मेंढराएवढी फट.

"चांदसाहेब, इकडं ये. खडं घे. दर इशाला एक खडा."

"काय करतोस गड्या?"

"मोजतोय."

म्हातारी माणसं चपापली. एक बाई तर "अगं बया" म्हणून तोंडावर हात ठेवून बसली. आकारामनं तोंडातली तंबाखू थुंकली, टोपी काढली, परत घातली. कपाळावर घाम होता, पौषात.

"लाभ," तो म्हणाला. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सुरुवात शुभ व्हावी म्हणून. फटीतनं पहिलं मेंढरू गेलं. "दोन. तीन. च्यार…"

आकडा आधी अडखळत होता, मग सुटला. विसाला चांदसाहेबाच्या मुठीत एक खडा पडला. चार खडे झाले तशी माणसांनी यादीकडं बघितलं आणि मग कळपाकडं. कळप संपत नव्हता. पाचवा खडा पडला. शेवटी डाव्या कानाची काळी नेहमीप्रमाणं मागं राहिली होती, ती आली.

"पाच इसा सतरा," आकाराम म्हणाला. "मी सुनंला चार इसा सांगितली. ती ऐंशीला थांबली व्हती. मीच म्हनलं, टोच. तिची चूक न्हाई. झुबेदा वहिनीच्या शेळ्यांचं औशिद माझ्या मेंढरांच्या अंगात हाय. ते बगा, तांबडं."

मग नानासोनं काठीवरचा हात सैल केला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "माझ्या बारा लिवल्याती मॅडम. चौदा हायती. दोन… दोन पावन्यांच्या म्हनून…"

"पावन्यांच्या!" भामाबाई म्हणाली. "मग आतापातूर आवाज तुजाच मोठा व्हता रं?"

हशा झाला, पण लगेच विरला, कारण झुबेदा उठली होती. ती खुंट्यांपाशी आली.

"भावजी, तुमची मोजून झाली. आता माझी मोजा."

"वहिनी, दोन पाटी, तरण्या मेंढ्या, घेऊन जा माझ्या कळपातल्या. पायजे त्या घ्या."

"मला मेंढरं नगंत. मोजा म्हनते."

आकाराम पहिल्या रिकाम्या खुंटीपुढं आला. ओठ हलले. "लाभ…"

"लाभ नगा म्हनू," झुबेदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक म्हना."

त्यानं म्हटलं, "एक."

पाचपर्यंत जायला त्याला एकशे सतरांपेक्षा जास्त वेळ लागला. चौथी खुंटी चांदणीची होती. तिच्याभोवती अजून दाव्याचा पीळ होता.

मॅडमनी यादीतला ऐंशीचा आकडा खोडून खरा लिहिला. पेटी उत्कर्षाकडं सरकवली, पण तिलाही सोडलं नाही. "ऐंशीला हात थांबला होता ना? मग मला हाक का मारली नाहीस? माझ्यासाठी तुझी खरी चूक ती. परीक्षा परत द्यायची. सगळ्या गावाची मोजणी पहिल्यापासून. आणि या खेपेला सासऱ्यांना बरोबर घेऊन."

उत्कर्षानं मान हलवली. ती रडत होती की काय ते पदरामुळं कळलं नाही. घरी जाताना ती सासऱ्याच्या मागं दोन हात अंतर ठेवून चालली. रोज चालायची तसंच. ती काही बोलली असती तर आकारामला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात दोघं घरोघर फिरली. सून वही धरायची, सासरा दारात उभा राहून सांगायचा, "खरं सांगा रं. मी सांगितलं, मेलो न्हाई." यादी एकशे नव्वदची दोनशे सत्तरवर गेली. राहिलेल्यांसाठी नवी कुपी आली, आणि या खेपेला झुबेदाच्या दोन शेळ्या रांगेत पहिल्या होत्या. त्या दोघी रोगातनं उठलेल्या, त्यांना लस लागतच नव्हती. तसं उत्कर्षानं सांगितलंही. झुबेदा म्हणाली, "उभ्या ऱ्हाऊ देत. टोचू नगंस, पर पयल्या उभ्या ऱ्हाऊ देत."

शिमग्याला कळप कातरला. चांदसाहेबाच्या धारेनं तांबडं मुळापासनं निघालं. आकाराम मेंढरं अजूनही मोजत नाही. काही व्यालं, काही गेलं, तर सुनेला जाऊन आकडा सांगतो आणि पाठोपाठ हळूच थुंकतो, दृष्ट नको म्हणून. पण दिवसातनं दोनदा कळप शिकलगाराच्या दारावरनं जातो. झुबेदानं खुंट्या उपटलेल्या नाहीत. आकारामची नजर मेंढरांवर असते, काठी हातात असते, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललेलं असतं. मागनं येणाऱ्या भामाबाईला वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतोय.

तो एकपासनं सुरू करतो आणि पाचाला थांबतो.